पासवर्ड गेला त्यानंतरचा तास : माझा अनुभव

गोव्यात पेडण्याला आमच्या भाड्याने द्यायच्या चार खोल्या आहेत. डिसेंबरच्या हंगामाआधी बुकिंग पोर्टलच्या नावाने मेल आला: पाहुण्याची तक्रार आहे, 24 तासांत लॉगिन करा, नाहीतर लिस्टिंग बंद. उघडलेल्या पानावर मी जीमेलचा पासवर्ड टाकला. पासवर्ड मॅनेजरने (पासवर्ड साठवून आपोआप भरणाऱ्या सोयीने) तो आपणहून भरला नव्हता, तिथेच थांबायला हवे होते. मॅनेजर पानाचे रूप बघत नाही, पत्ता बघतो.

पत्ता वाचायचा तो पहिल्या एकेरी तिरप्या रेघेपासून (/) मागे. रेघेआधीचे, डॉटने तोडलेले शेवटचे दोन तुकडे (डॉट गव्ह डॉट इनसारखा शेवट असेल तर तीन) म्हणजे खरा मालक. माझ्या लिंकमध्ये पोर्टलचे नाव अगदी सुरुवातीला होते, पण रेघेआधी भलतेच काहीतरी. कुलपाच्या चिन्हावर विसंबू नका, ते चोराच्या साइटलाही मिळते. मोबाइलवर लिंक दाबून धरली की पूर्ण पत्ता दिसतो.

दुसऱ्या उपकरणावरून, पत्ता स्वतः टाइप करून जीमेलचा पासवर्ड बदलला. बहुतेक जण इथेच थांबतात, आणि घात इथेच होतो. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये 'फिल्टर्स' आणि 'फॉरवर्डिंग' संगणकावरूनच तपासा. माझ्याकडे एक नवा फिल्टर सापडला: पोर्टलचे सगळे मेल थेट ट्रॅशमध्ये. पासवर्ड बदलून असा फिल्टर जात नाही. तो काढला, अनोळखी उपकरणे साइन-आउट केली, रिकव्हरीचा फोन नंबर आणि ईमेल पाहिला. मग पासकी लावली, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने (बोटाचा ठसा, पिन) साइन-इन. ओटीपी खोटे पानही मागून घेऊ शकते, पासकी मात्र खऱ्या पत्त्याशीच बांधलेली असते.

यानंतर पोर्टलचा पासवर्ड बदलला आणि पैसे जमा होण्याचे बँक खाते आपलेच आहे ना, ते पाहिले. येणाऱ्या पाहुण्यांना फोन केले, कारण आमच्या नावाने त्यांच्याकडे कार्डाचा तपशील मागितला जाण्याची भीती होती.

तो मेल पुसू नका. 'शो ओरिजिनल'मधून मूळ फाइल उतरवून ठेवा. स्क्रीनशॉटमध्ये हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला त्याच्या नोंदी, येत नाहीत. पैसे गेले असतील तर लगेच बँक आणि 1930 (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन). गोव्याचे सायबर गुन्हे पोलीस स्थानक रायबंदरला आहे, पण तिकडे निघण्याआधी हे दोन फोन करा: पैसे पुढच्या खात्यात सरकले की अडवणे कठीण होते.