माहीमचा बुधवार आणि लेकरं गमावलेले संत

बुधवारी माहीम स्टेशनवर पश्चिमेला उतरलात, तर सेंट मायकल चर्चचा रस्ता विचारावा लागत नाही. फुलं, मेणबत्त्या घेऊन निघालेल्या माणसांच्या मागे चालत राहायचं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या काळात उभं राहिलेलं हे चर्च. आजची इमारत मात्र 1970च्या दशकातली. 1948पासून इथे दर बुधवारी नित्य सहाय्य मातेची, म्हणजे येशूची आई मरिया हिची, नोव्हेना होते. नोव्हेना म्हणजे ठरलेल्या प्रार्थनांची सामूहिक उपासना. सकाळपासून रात्रीपर्यंत एक प्रार्थना संपली की दुसरी. इंग्रजीखेरीज कोंकणी, मराठी, हिंदीतूनही. रांगेत कुंकू लावलेल्या बायका असतात, बुरख्यातल्या असतात, ऑफिसची बॅग खांद्याला लावलेले पुरुष असतात.

आम्ही तिघी गेलो होतो. मी, माझी ताई आणि तिच्या शेजारच्या वसईच्या मावशी. ताईचा मुलगा गेल्या पावसाळ्यात गेला. वर्षाचाही झाला नव्हता. त्यानंतर घरी भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने तिला एकच सांगितलं, ‘विसर आता. वय आहे अजून, दुसरं होईल.’ सांगणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं, पण त्या वाक्यानंतर ताई बोलायचीच बंद व्हायची. दाजींशीही तिचं बोलणं कामापुरतं उरलं होतं. ते उशिरा घरी यायचे आणि ती भिंतीकडे तोंड करून झोपलेली असायची. मावशींनी हे सगळं भिंतीपलीकडून ऐकलं होतं. त्यांनी काही उपदेश केला नाही, ‘बुधवारी माझ्याबरोबर चल’ एवढंच म्हणाल्या.

चर्चमध्ये बसायला जागा नव्हती, एका खांबाला टेकून उभ्या राहिलो. नोव्हेनात लोकांनी लिहून दिलेली पत्रं वाचून दाखवतात. मागण्यांची असतात, आभाराचीही असतात. नोकरी, घर, व्हिसा, आजारपण, आणि मधेच एखादं ‘आमच्या घरात शांतता नांदू दे’. नाव नाही, तपशील नाही. सगळं चर्च मिळून त्या अनोळखी घरासाठी प्रार्थना करतं. आपल्या घरातलं भांडण आपण दाराआड झाकून ठेवतो. इथे ते शेकडो लोकांसमोर मांडलं जातं आणि कुणी मान वळवून बघतसुद्धा नाही. मला हे फार मोठं वाटलं.

गर्दी ओसरल्यावर मावशींनी आम्हाला मातेच्या चित्रापुढे नेलं. मूळ चित्र रोममध्ये आहे. 1866मध्ये नववे पोप पायस यांनी ते रिडेम्प्टोरिस्ट या धर्मगुरूंच्या संघाच्या हवाली केलं आणि तिथून त्याच्या प्रती जगभर गेल्या. हे चित्र जवळून बघावं. बाळ येशू आईच्या कडेवर आहे, पण आईकडे बघत नाही. मान वळवून तो एका देवदूताकडे बघतोय आणि देवदूताच्या हातात क्रूस आहे. बाळाने घाबरून दोन्ही हातांनी आईचा हात धरलाय. एका पायातली चप्पल निसटून पट्ट्याला लोंबकळतेय. आईला पुढचं सगळं ठाऊक आहे. ती आपल्याकडे बघते, हसत नाही. ताईची नजर त्या चपलेवरून हलेना. मग तिला रडू फुटलं. मी तिला आवरायला पुढे झाले, तर मावशींनी मला मागे ओढलं आणि तिला म्हणाल्या, ‘रड बाय. हिचं पोरगं तिच्यादेखत गेलंय. ही तुला गप्प बस म्हणायची नाही.’

माहीमला रिक्षा नाही, म्हणून टॅक्सी करून कॉजवे ओलांडला आणि बांद्र्याला टेकडीवरच्या माउंट मेरी चर्चला गेलो. कोळी बांधवांची ही मोत मावली. तिची जत्रा सप्टेंबरात, 8 तारखेच्या सणाच्या सुमारास आठवडाभर भरते. एरवी टेकडी बऱ्यापैकी निवांत असते. बाहेरच्या टपऱ्यांवर मेणाचे हात, पाय, घरं, बाळं मांडलेली असतात. ज्याचं जे दुखणं, ते घेऊन मातेपुढे ठेवायचं. बाळ घ्यायचं ते मूल मागण्यासाठी. ताईने ते घेतलं नाही, साधी मेणबत्ती घेतली. ते योग्यच होतं. ती दुसरं मूल मागायला आली नव्हती, गेलेल्याची आई म्हणून आली होती.

पायऱ्यांवर बसल्यावर मावशींनी पर्समधून प्रार्थनेची दोन छोटी चित्रं काढली. एकावर फ्रान्सचं एक जोडपं होतं, लुई आणि झेली मार्टिन. तो घड्याळं दुरुस्त करायचा, ती लेस विणून घेऊन विकायची. 1858मध्ये लग्न झालं, नऊ मुलं झाली, चार दगावली. दोन मुलगे वर्षाच्या आत गेले, दोघांचंही नाव जोसेफ. एलेन नावाची मुलगी पाच वर्षांची होऊन गेली. लोक झेलीला म्हणत, मुलं झालीच नसती तर बरं झालं असतं. हे बोलणं तिला सहन होत नसे. भावजयीचं बाळ गेलं तेव्हा तिने पत्रात हे लिहिलं, आणि ही मुलं कायमची हरवलेली नाहीत, वर पुन्हा भेटतील, असा धीर दिला. 1877मध्ये झेली स्तनाच्या कर्करोगाने गेली. लुईने पाच मुली वाढवल्या आणि पुढे मानसिक आजाराने तो बराच काळ इस्पितळात होता. त्यांची धाकटी म्हणजे लिझ्यूची संत तेरेसा. तिच्या नावाचं चर्च बांद्र्यातच आहे. 2015मध्ये नवरा-बायको दोघांना एकत्र संतपद मिळालं. जोडप्याला असं एकत्र संतपद मिळण्याची ती पहिलीच वेळ.

‘म्हणजे तोही?’ ताईने विचारलं. तिचं बोट लुईवर होतं. दाजींना अजून कुणी विचारलंच नव्हतं, तुम्ही कसे आहात म्हणून. आम्ही सगळे ताईलाच विचारत होतो.

दुसरं चित्र होतं इटलीतल्या काशियाच्या संत रिटाचं. कपाळावर जखम, हातात गुलाब. अशक्य वाटणाऱ्या संकटात आणि बिनसलेल्या संसारात तिला हाक मारतात. नवरा तापट होता, वैरातून त्याचा खून झाला. नंतर दोन्ही मुलगे आजारपणात गेले आणि ती मठात राहिली. 22 मे 1457 हा तिचा मृत्युदिन, त्याच दिवशी तिचा सण. तिच्या नावाने गुलाब आशीर्वादित करून वाटतात. पण एक गोष्ट इथे ठामपणे लिहायची आहे. रिटाचं नाव घेऊन मार खाणाऱ्या बाईला ‘तीही सोसत राहिली, तूही सोस’ असं कुणी सांगत असेल, तर ते चूक आहे. पंधराव्या शतकातल्या रिटापुढे वाटाच नव्हत्या. आज आहेत. मावशींचंही हेच मत. त्या म्हणाल्या, मेणबत्ती लाव आणि माणसांचीही मदत घे. माहीममध्येच मुंबई धर्मप्रांताचं स्नेहालय नावाचं कुटुंबसेवा केंद्र आहे, तिथे नवरा-बायकोंना समुपदेशन मिळतं.

बांद्रा स्टेशनवर लोकलची वाट बघताना ताईने दाजींना फोन लावला. ‘जेवलात का’ विचारलं, आणि मग बाळाचं नाव घेऊन म्हणाली, ‘आज मी त्याच्यासाठी मेणबत्ती लावली. पुढच्या वेळी तुम्ही याल?’ पलीकडून काय उत्तर आलं, ते गाडीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. ताई मात्र फोन कानाला लावूनच डब्यात चढली आणि दादर येईपर्यंत बोलत होती.