खेळण्यांना परवानगी नाही

आमचे अण्णा इंदूरच्या एका सरकारी कार्यालयात 34 वर्षे टिपण्या लिहून निवृत्त झाले. त्यामुळेच असेल, पण हुकूमशाहीविरुद्धच्या गमतीशीर निदर्शनांविषयी वाचताना माझे लक्ष निदर्शकांपेक्षा त्यांच्याविरुद्ध कागद रंगवणाऱ्या कारकुनाकडे अधिक जाते.

1982 मध्ये पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू असताना श्विद्निक गावातील लोक साडेसातच्या सरकारी बातम्या सुरू झाल्या की घराबाहेर पडून फेरफटका मारू लागले. काहींनी तर टीव्ही खिडकीत रस्त्याकडे तोंड करून ठेवले. शतपावली कोणत्या कलमात बसवायची? सरकारने संचारबंदीची वेळ अलीकडे आणली, तर लोक पाचच्या बातम्यांना फिरायला निघाले. आपल्याकडे आणीबाणीत इंदूरच्या 'नई दुनिया'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली, तेव्हाही सेन्सॉरपुढे हाच पेच होता.

अर्थात, हसल्याने सरकारे पडतात असे मला वाटत नाही. 2011 मध्ये बेलारूसमध्ये लोक घोषणा न देता नुसत्या टाळ्या वाजवू लागले, तेव्हा शेकडोंची धरपकड झाली आणि ग्रोद्नो शहरात एकच हात असलेल्या माणसालाही टाळ्या वाजवल्याबद्दल दंड झाला. एका हाताने टाळी वाजत नाही, ही म्हण तिथल्या न्यायालयाला कोणी सांगितली नसावी. राष्ट्राध्यक्ष लुकाशेंको मात्र त्यानंतरही सत्तेवर राहिले.

माझे सर्वांत आवडते प्रकरण सायबेरियातील बर्नाउलचे. 2012 च्या जानेवारीत, निवडणुकीतील गैरप्रकारांविरुद्ध सभेला परवानगी मिळेना, म्हणून तिथल्या लोकांनी बर्फात लेगोची माणसे, टेडी अस्वले आणि खेळण्यातील मोटारी मांडून त्यांच्यापाशी इवलेसे फलक लावले. पोलीस तो मजकूर निमूटपणे वहीत उतरवून घेत होते. पुढच्या वेळी खेळण्यांच्या सभेसाठी रीतसर अर्ज केला असता उत्तर आले की खेळणी, त्यातही आयात केलेली, रशियाची नागरिक नाहीत, इतकेच नव्हे तर ती माणसेही नाहीत.

रविवारी सकाळी हे उत्तर मी अण्णांना वाचून दाखवले. पोह्यांवर शेव भुरभुरता भुरभुरता त्यांचा हात थांबला. मी हसण्याची वाट पाहत होतो, ते मात्र गंभीरपणे म्हणाले, "निकाल वरून आला असणार रे. कारण तेवढे त्या बिचाऱ्याला शोधायला लावले."