बॅरलच्या आतली कड

जुलैची झड लागली होती. मंगळवार पेठेतल्या एका बोळात आशाताईंच्या मागोमाग मी घरोघरी साठवणीचं पाणी बघत हिंडत होते. माझं काम एरवी संगणकावरचं, डेंग्यू कसा पसरतो याचं गणिती मॉडेल करायचं. मॉडेल सांगत होतं की या भागातला ताप आता उतरायला हवा. तो उतरत नव्हता, म्हणून मी स्वतः गेले.

लोकांचं वागणं मी एकाच आकड्यात बसवलं होतं: दहांतली सात घरं आठवड्याला कोरडा दिवस पाळतात, म्हणजे साठवणीची भांडी रिकामी करून, घासून कोरडी ठेवतात. विचारल्यावर तेवढ्यांनी 'हो' म्हटलं होतं.

एका आजींनीही 'हो'च म्हटलं आणि बॅरलचं झाकण काढलं. पाणी नितळ. आशाताईंनी बॅटरी आतल्या कडेवर धरली. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, काजळ शिंपडल्यागत बारीक काळे ठिपके. एडिस डासाची अंडी. कोरडी पडली तरी ती महिनोन् महिने टिकतात. पाणी चढलं की अळी, आणि उबदार हवेत आठ-दहा दिवसांत डास.

"आजी, बॅरल आतनं घासता का?"

"घासायला पाणी लागतंय की गं पोरी. नळ आला की वरनं भरून घेतो मी. उद्या आलाच न्हाई तर? हाय ते वतून काय करू?"

त्यांचं काय चुकलं? पाण्याची धास्ती रोजची, डेंग्यूची कधीतरी.

चार घरं सोडून पुढं उलटंच. तिथला मुलगा प्लेटलेट उतरून दवाखान्यात राहून आला होता. त्या घरातली आणि समोरच्या तीन घरांतली भांडी लख्ख घासलेली. बोळाच्या दुसऱ्या टोकाला मात्र पुन्हा तेच ठिपके. भीतीही घरोघर पसरते, आणि आजारापेक्षा लवकर ओसरते.

परतताना पणजीची आठवण आली. प्लेगात गाव ओस पडायचं, माणसं रानात झोपड्या घालून राहायची, असं ती सांगायची. आमच्या विषयाचा पाया असलेली समीकरणं कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी 1927 मध्ये मांडली, ती मुंबईतल्या 1905-06 च्या प्लेगच्या मृत्यूंशी ताडून. त्या समीकरणांत कुणी झोपडी बांधायला रानात जात नाही. मीही तेच केलं होतं.

रात्री तो सातचा आकडा काढला. त्याच्या जागी दोन गोष्टी घातल्या: नळाची पाळी, आणि बोळात शेवटचा ताप येऊन किती दिवस झाले. उतरता आलेख मध्येच पुन्हा वर चढला, आमच्या नोंदींसारखाच.

मग आशाताईंना फोन लावला. नळ यायच्या आधी तासभर बॅरल तळाला गेलेलं असतं, कड घासायला सांगायचं तर तेव्हाच सांगू, म्हटलं.

"म्हंजे पहाटे पाचला जायला पायजे," त्या म्हणाल्या. "मी येतो. तुम्ही चार ब्रश घेऊन या."