धयकाल्याची रात्र: त्याच गावात, त्याच कंपनीसाठी

सिंधुदुर्गातल्या जत्रा बघायला बाहेरून येणारे बहुतेक जण दरवर्षी नवं गाव शोधतात. आम्ही उलटं करतो. सावंतवाडी-वेंगुर्ले पट्ट्यातली एक लहानशी जत्रा धरून ठेवली आहे. तिथे धयकाल्याला, म्हणजे पहाटे दहीकाल्याने संपणाऱ्या नाटकाच्या रात्री, जी दशावतारी कंपनी येते तिचंच नाटक बघायला पुन्हा पुन्हा जातो. दशावतार या इथल्या लोकनाट्याला लिहिलेली संहिता नसते. आख्यान कुठलं लावायचं ते ठरलं की कंपनीचा प्रमुख कथानक आणि प्रवेशांचा क्रम सांगतो. बाकी संवाद ज्याचे त्याने रंगमंचावर उभं राहून रचायचे. एकच आख्यान दोन रात्री सारखं होत नाही ते त्यामुळेच, आणि हा फरक कळायला आधीची एखादी रात्र बघितलेली असावी लागते. पार्सेकर, वालावलकर, आरोलकर, चेंदवणकर, मोचेमाडकर अशा जुन्या कंपन्यांच्या बऱ्याच जत्रा परंपरेने ठरलेल्या असतात. म्हणून गाव धरलं की बहुधा कंपनीही धरली जाते.

पहिली चूक तारखेत होते. जत्रा तिथीवर असते. कार्तिकात तुळशीची लग्नं लागली की हंगाम सुरू होतो आणि पावसाच्या तोंडाशी संपतो. त्रिपुरी पौर्णिमा २०२४ मध्ये १५ नोव्हेंबरला होती, २०२५ मध्ये ५ नोव्हेंबरला. हीच घसरण गृहीत धरून २०२६ ची रजा ऑक्टोबरच्या शेवटी टाकाल तर फसाल. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे पौर्णिमा २४ नोव्हेंबरला जाते. सोनुर्लीच्या माउलीची जत्रा पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तीही तितकीच पुढे. आंगणेवाडीला तर हा हिशेबच लागू नाही. भराडीदेवीची जत्रा ठरलेल्या तिथीला नसते, देवीचा कौल घेऊन तारीख जाहीर होते. लहान गावांच्या बाबतीत कॅलेंडर हाताशी असलं तरी गावातल्या कुणाला तरी फोन करून खात्री करावी. गावात सोयर किंवा सुतक आलं तर जत्रा पुढे जाऊ शकते, आणि हे कुठल्याही कॅलेंडरात छापलेलं नसतं.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. २४ नोव्हेंबर २०२६ च्या गाडीसाठी ते २५ सप्टेंबरला येतं, म्हणजे नेमकी अनंत चतुर्दशी. सगळं कोकण गणपतीच्या परतीच्या गर्दीत अडकलेलं असताना तिकीट काढायचं विसरायला होतं. कोकणकन्या आणि तुतारी या रात्रीच्या दोन्ही गाड्या सावंतवाडी रोडला नेतात. तुतारी दादरहून मध्यरात्र उलटल्यावर सुटते. मंगळवारी रात्री जेवून निघायचं असेल तर तिकीट बुधवारचं हवं. फलाटावर दरवेळी कुणीतरी या एका दिवसाच्या घोळात सापडलेलं दिसतं. सावंतवाडी रोड स्टेशन शहरात नाही, मळगावात आहे. तिथून पुढे रिक्षा ठरवताना परतीचंही त्याच वेळी बोलून घ्यावं, कारण संध्याकाळनंतर आतल्या गावांना एसटी नसते आणि पहाटे चारला फोन उचलणारा रिक्षावाला मिळणं कठीण.

गावात दुपारी चार-पाचला पोचावं. देवीची ओटी भरायला, केळी ठेवायला माहेरवाशिणी दिवसभर येत असतात. रांग त्याच वेळेला जरा ओसरते. दुकानदार क्यूआर कोड लावून बसलेले असतात, पण माणसं वाढली की मोबाइलला रेंज राहत नाही आणि पैसे मधेच लटकतात. दहा, वीस, पन्नासच्या नोटा बरोबर असू द्याव्यात. दुचाकी कापलेल्या भातशेतात लावायची असते. मेरेच्या (शेताच्या बांधाच्या) उतारावर लावू नका. पहाटेच्या दंवाने माती ओली होते, स्टँड रुततो आणि गाडी आडवी होते. तोंड वाटेकडे करून लावली तर निघताना दहा गाड्या हलवाव्या लागत नाहीत.

रात्री पालखी निघते, देवळाला प्रदक्षिणा होते. ती झाली की निम्मी गर्दी पांगते, आणि नाटक बघणाऱ्यांनी जागा पकडायची वेळ हीच. अगदी पुढे मुलं आणि मानकरी बसतात, तिथे घुसू नये. पेटी-मृदुंगाच्या बाजूला, तिसऱ्या-चौथ्या ओळीत बसावं. तिथून गाणाऱ्याचा आवाज कर्ण्यातून न येता थेट ऐकू येतो, आणि नट वादकाला डोळ्यांनी खुणा कशा करतो तेही दिसतं. पद आवरायचंय की लढाईचा ठेका वाढवायचाय, हे सगळं त्या खुणांवर चालतं. रंगपटापासून, म्हणजे नट तयार होतात त्या जागेपासून, मंडपापर्यंतची वाट मात्र मोकळी ठेवायला हवी. भरजरी कपड्यातला राजा तुमच्या थर्मासला अडखळला तर शिव्या खाल, आणि त्या संस्कृतप्रचुर नसतील.

रंगपटात आधी जाऊन बघायची परवानगी बहुतेक ठिकाणी मिळते, पण विचारून. कंपनीच्या पेटाऱ्यात गणपतीचा मुखवटा असतो, त्याची पूजा होते. तिथे चपला घालून जाऊ नये. नट आपली रंगरंगोटी स्वतःच करतात. स्त्रीपार्ट करणारे पुरुषच असतात, आणि ते आरशापुढे बसलेले असताना कॅमेरा रोखणं हा शुद्ध आगाऊपणा. नाटक चालू असतानाही फ्लॅश नको, समोरच्याला पुढचं वाक्य तिथल्या तिथे सुचायचं असतं.

मग आडदशावतार, म्हणजे आख्यानाआधीचा ठरलेला भाग. सूत्रधार, रिद्धी-सिद्धींसह गणपती, मोरावरची सरस्वती, ब्रह्मदेव, आणि त्याचे वेद पळवणारा संकासुर. काळ्या वेषातला हा असुर मालवणीत बोलतो आणि सूत्रधाराची फिरकी घेतो. गावातला खड्डा, सरपंच, मुंबईकर चाकरमानी, कुणी सुटत नाही. शेवटी विष्णू येऊन त्याचा वध करतो. हल्ली हा भाग आखडता घेतात, ठेक्याच्या, म्हणजे पैसे ठरवून बोलावलेल्या, नाटकांत तर गणपतीनंतर थेट आख्यानच. आमच्या मते नवख्याने जत्रेतलाच प्रयोग आधी बघावा, तोही अगदी पहिल्या पदापासून. उशिरा येऊन फक्त युद्धं बघणाऱ्याला दशावतार म्हणजे आरडाओरडा वाटतो.

आख्यानात नेपथ्य म्हणजे मागे एक पडदा आणि पुढे एक बाकडं. सिंहासन, डोंगर, रथ, पलंग, सगळं तेच. साथीला हार्मोनियम, मृदुंग आणि झांज. राजपार्टी नट पहिल्या प्रवेशात स्वतःची ओळख आणि राज्याचा पेच मांडतो, आणि रात्र चढणार की पडणार ते तिथेच कळतं. पेच नीट मांडला नाही तर मागून येणाऱ्यांना धरायला धागाच उरत नाही. मग विनोदी पात्र प्रवेश ताणत बसतं. दोन ते साडेतीन हा पडता वेळ. पेंगणाऱ्यांना जागं करायला मृदुंगवाला हात मोकळा सोडतो, खलपार्टी आणि राजाची लढाई गिरक्या घेत चालते. ट्रिकसीनवाल्या (चमत्काराची दृश्यं दाखवणाऱ्या) प्रयोगांत याच जागी धूर आणि दिवे येतात. ते वाईट नाहीत, पण धूर आला की शब्द मागे पडतो. एखादं पद आवडलं तर बक्षीस द्यायची रीत आहे. रक्कम आणि नाव माइकवरून पुकारलं जातं. नको असेल तर देतानाच सांगा.

झोपेचं गणित नाटकाइतकंच महत्त्वाचं. दुपारी दोन-तीन तास झोपून आलात तरच पहाट गाठाल. जेवण हलकं हवं. मटण-वडे हाणून मंडपात बसलेला माणूस ब्रह्मदेव येईपर्यंत घोरतो. बसायला खाली प्लास्टिक आणि वर जाड चादर, नुसती चटई दंवाने ओलावते. नोव्हेंबरात अवकाळी सर येऊ शकते, म्हणून एक जादा प्लास्टिक. डिसेंबर-जानेवारीत कानटोपी लागते, मुंबईकर हे ऐकत नाहीत. शिमग्यानंतर मात्र उकाडा असतो. तेव्हा यायचं तर नेरूरच्या मांडावरचं रोंबाट, म्हणजे वाजतगाजत निघणारी मिरवणूक, आणि त्यातले चित्ररथ बघावेत, तो वेगळाच मामला आहे.

दहीकाला पहाटे होतो, हंडी फुटते, आरती होते. त्याआधी उठून जाणं गावाला आवडत नाही. त्यानंतर लगेच गाडी चालवू नये. घाटवळणांचे रस्ते, उगवतीचं ऊन थेट डोळ्यांत आणि रात्रभराचं जागरण. आम्ही कुडाळकडे खोली घेऊन दुपारपर्यंत झोपतो. मग वेळ उरला तर पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत कथा सांगण्याची कला) आणि कळसूत्री बाहुल्या बघतो. २०२१ मध्ये पद्मश्री मिळालेल्या परशुराम गंगावणे यांनी तिथे ठाकर आदिवासी कला आंगण उभं केलं आहे. मुंबईच्या गाड्या संध्याकाळी असतात, तोवर वेळ पुरतो.

खाजं, म्हणजे गुळात घोळवलेल्या बेसनाच्या कांड्या, जत्रेतच घ्यावं, पण शक्यतो सकाळी. रात्री दंवात उघड्यावर राहिलेल्या ढिगाला गूळ सुटतो आणि खाजी एकमेकांना चिकटतात. एक मोडून बघावं, आतून कुरकुरीत असेल तरच तोलायला सांगावं. ताजं, कोमट खाजं मिळालं तर प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून नेऊ नका, वाफ धरून मऊ पडतं. कागदात न्यावं आणि घरी गेल्यावर डब्यात भरावं.