पळायचंय खरं, पण किती लांब?

“बाई, डोक्याला ताप नको, पण हातातनं सुटायलाही नको, असं एखादं पुस्तक सांगा की.”

शाळेतनं निवृत्त झाले तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागेच लागलाय. लग्नाच्या पंगतीत, भाजी घेताना, बेळगावच्या टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटवर गाडी जायची वाट बघत थांबलेलं असताना. विचारणारे आवाज जरा खाली घेतात, ही त्यातली गंमत. संतसाहित्यातलं काही विचारायचं असलं की खणखणीत विचारतात. रहस्यकथा हवी असली की आधी इकडंतिकडं बघतात. तर तुम्ही विचारलंत म्हणून, एकदाच काय ते सविस्तर सांगते.

माझं उत्तर पुस्तकाच्या नावानं सुरू होत नाही. आधी विचारते, कधी वाचणार? कुठं बसून? आणि आत्ता नेमकं काय डोक्यातनं जायला हवंय? करमणुकीच्या पुस्तकासाठी एवढी चौकशी कशाला, असं म्हणून काही जण वैतागतात. पण माणूस कशापासनं पळतोय हे न बघता त्याच्या हातात थ्रिलर दिलं, तर तो जिथनं निघाला तिथंच परत जाऊन आदळतो.

आमच्या ओळखीच्या एक सिस्टर आहेत, नाइट ड्यूटी करणाऱ्या. त्या नर्स आहेत एवढं कळलं की जो तो त्यांना रॉबिन कुक सुचवतो. कुक स्वतः डॉक्टर, 1977 मध्ये आलेल्या त्याच्या ‘कोमा’नं वैद्यकीय थ्रिलर घरोघरी पोचवलं, मराठीतही तो भरपूर आलाय, सगळं मान्य. सिस्टर म्हणतात, “रात्रभर मी सलाइनच्या बाटल्या बघतो, आणि जरा टेकलो की पुस्तकात पण बाटल्याच बघू काय?” त्यांना मी अ‍ॅलिस्टर मॅक्लीन दिला. ‘गन्स ऑफ नॅव्हरोन’. महायुद्ध, ग्रीसचा समुद्र, उभा कडा आणि तो चढून जाणारी पाच माणसं. त्यांची अट साधी होती. बेल वाजली की पुस्तक उपडं ठेवून उठता आलं पाहिजे, आणि परत आल्यावर कोण कोणाचा मेहुणा हे आठवत बसायला लागू नये. मॅक्लीनमध्ये मेहुणे नसतात. वर चढायचं आणि तोफा उडवायच्या.

खानापूरला रोज येऊन-जाऊन नोकरी करणाऱ्यांचं गणित वेगळं. त्यांना लहान प्रकरणं लागतात. गर्दीत एका हातानं दांडी धरून दुसऱ्या हातात मावेल एवढंच पुस्तक लागतं. माझी पुस्तकं या मंडळींत हातोहात फिरतात आणि परत येतात तेव्हा त्यांच्यात खुणेला घातलेली बसची तिकिटं असतात, पातळ कागदाची, शाई उडत चाललेली. लोक तोंडावर “मस्त होतं की बाई” म्हणतात. मी “बरं” म्हणते आणि घरी येऊन तिकिटं कुठल्या पानांत आहेत ते बघते. जगभर गाजलेली एक जाडजूड कादंबरी अशीच पुष्कळ हातांतनं फिरून आली, आणि सगळी तिकिटं पहिल्या पन्नास पानांत. पुढं कुणीच गेलेलं नव्हतं, पण ती “मस्त” नाही असंही कुणी म्हणालं नव्हतं. तिचं नाव मी सांगत नाही, उगाच भांडणं होतात. सुहास शिरवळकरांचं एक बारकं पुस्तक मात्र परत आलं ते कव्हर गमावून, कोपरे दुमडून, एका पानावर हळदीचं बोट उमटवून. आत तिकीट एकही नाही. याहून चांगली शिफारस मला माहीत नाही.

शिरवळकरांवरनं आठवलं. कॉलेजची मुलं येतात ती ‘दुनियादारी’सारखं काहीतरी मागत. 2013 साली सिनेमा आला तेव्हा शिरवळकरांना जाऊन दहा वर्षं झाली होती, त्यामुळं या मुलांना ते एका पुस्तकाचे लेखक वाटतात. मी त्यांना शिरवळकरांच्याच रहस्यकथांचे नायक, मंदार पटवर्धन आणि दारा बुलंद, देते. तोच हात, तीच बोलती भाषा, पण इथं कुणीतरी गोळी चालवतं. तसंच धारपांचं. “बाई, तुंबाडवाले धारप आहेत काय तुमच्याकडं?” असं विचारणारी पोरं आहेत. 2018 चा तो सिनेमा नारायण धारपांच्या भयकथेवरनं सुचलेला, हे त्यांना मोबाइलवर कळलेलं असतं. धारप माझ्याकडं आहेत. पण जूनजुलैत खानापूर भागातल्या कुणाला मी ते देत नाही. पाऊस लागलेला, वीज गेलेली, कौलांवर धो धो आवाज, आणि घरात समर्थांची, म्हणजे धारपांच्या गोष्टीत भुताखेतांपासनं सोडवणाऱ्या नायकाची, वाट बघत बसलेला वाचक. त्यानंतर त्याची आई मला फोन करते.

जुन्या पिढीला बाबुराव अर्नाळकर सुचवावे लागत नाहीत, तेच मला ऐकवतात. त्यांचे नायक झुंजार, धनंजय, काळा पहाड. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिलेल्या या माणसाला समीक्षकांनी दारातही उभं केलं नाही, पण वाचायची सवय लागलेले किती तरी जण त्यांच्याच बोटाला धरून आले. आजच्या तिशीतल्या वाचकाला मी ते कोडं म्हणून देत नाही, कारण कोडं लवकर सुटतं. वेगासाठी देते. हवापाण्याची वर्णनं नाहीत, तत्त्वज्ञान नाही, दार उघडलं की समोर पिस्तूल.

सीमेवरच्या एका गावात मराठा लाइट इन्फंट्रीतनं निवृत्त झालेले एक सुभेदार आहेत. त्यांना वाटायचं, शेवट आधीच ठाऊक असेल तर थ्रिलरमध्ये राहिलं काय? मी त्यांना फोर्सिथचं ‘डे ऑफ द जॅकल’ दिलं. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांच्या खुनाची सुपारी. पुस्तक आलं 1971 मध्ये आणि द गॉल वारले 1970 मध्ये, आपल्या घरी, नैसर्गिक मरणानं. म्हणजे मारेकरी हरणार हे वाचक पहिल्या पानापासनं जाणतो. तरी पानं उलटतो, कारण त्या मारेकऱ्याचा प्रत्येक कागद, पासपोर्ट, बंदूक, नाव बदलायची पद्धत आपल्याला जवळनं दिसत राहते, आणि एका टप्प्याला आपण चक्क त्याच्या बाजूनं काळजी करायला लागतो. सुभेदार पुस्तक परत देताना म्हणाले, “बंदूक कशी लपवली ते बरोबर लिहिलंय.” त्यांच्या तोंडून याहून मोठी दाद निघत नसते. त्यानंतर त्यांनीच ते पुस्तक गावात चौघांना दिलं, शेवट सांगून.

शेवट सांगण्यावरनं मात्र आमच्यात खरी भांडणं होतात. खुनी कोण हे सांगायचं नाही, एवढं सगळ्यांना कळतं. त्यापुढचं कळत नाही. “शेवट काय भारी आहे, बघच तू” असं म्हटलं की संपलं. मग वाचणारा पहिल्या पानापासनं शेवटावर डोळा ठेवून बसतो, प्रत्येक साध्या माणसावर संशय घेतो आणि शेवट आला की म्हणतो, “एवढंच होय?” अगाथा ख्रिस्तीची 1926 सालची एक कादंबरी आहे. तिची शिफारस करताना मी फक्त “खेड्यातली गोष्ट आहे, संथ आहे” एवढंच म्हणते आणि विषय बदलते. ज्यांनी वाचलीय ते आत्ता हसत असतील. वाचनालयातल्या अशाच एका पुस्तकात कुणी तरी नावांची पहिली ओळख होते त्याच पानावर एका नावाखाली पेन्सिलीनं रेघ ओढून “हाच” असं लिहून ठेवलं होतं. खाली दुसऱ्या अक्षरात, पेनानं, “थापा मारतोय, पुढं वाचा.” ते दुसरं लिहिणाऱ्या माणसाला मला एकदा भेटायचंय. खोटं बोलून पुढच्या कितीजणांची सोय केली त्यानं!

ख्रिस्तीबद्दल एक आमच्या मेडिकल दुकानातल्या पोरासाठी. तो फार्मसी शिकतोय आणि “बायकांच्या चहापाण्याच्या गोष्टी” म्हणून तिला हात लावत नव्हता. त्याला एवढंच सांगितलं की पहिल्या महायुद्धात ती हॉस्पिटलच्या औषधखान्यात काम करत होती, तिथंच विषं शिकली, आणि 1920 मध्ये आलेल्या पहिल्याच कादंबरीतल्या स्ट्रिक्नीनच्या वापराला औषधवाल्यांच्या नियतकालिकानं अचूक म्हणून दाद दिली. आता तो डोस तपासत वाचतो. वाचू दे.

आमच्या भागात हिवाळा लागला की गावोगावी मराठी साहित्य संमेलनं भरतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी. ग्रंथदिंडी निघते, लेझीम, फेटे, परिसंवाद. मला ती मनापासनं आवडतात. शहरातलं सार्वजनिक वाचनालय 1848 पासूनचं आहे. वाचायची हौस इथं नवी नाही. पण व्यासपीठावर मी रहस्यकथेचा विषय निघालेला कधी ऐकला नाही. तिथं अस्मितेवर कळकळीनं बोलून खाली उतरलेले गृहस्थ पुस्तकांच्या स्टॉलवर येऊन हळूच “रहस्यकथा कुठं ठेवल्यात?” विचारतात, हे मात्र डोळ्यांनी बघितलंय. उलटंही होतं. कथाकार जी. ए. कुलकर्णी, म्हणजे जीए, याच जिल्ह्यातल्या एकसंब्याचे, त्यामुळं अभिमानापोटी कुणी “सुट्टीत निवांत वाचायला” जीए सुचवतं. जीए वाचावेतच. पण ज्याला घरच्या कटकटीतनं दोन दिवस सुटका हवी आहे त्याच्या हातात जीए ठेवणाऱ्याला मला हात जोडावेसे वाटतात.

सगळ्यात चांगली देवाणघेवाण माझी शेजारच्या अक्कांशी चालते आणि तिच्यात पुस्तकच नसतं. अक्का कन्नड घरातल्या. मराठी बोलतात झकास, पण वाचायचं म्हटलं की कंटाळतात. मला कन्नड समजतं, बसवरची पाटी वाचता येते, कादंबरी नाही. म्हणून दुपारी मेथी निवडत आम्ही एकमेकींना कादंबऱ्या सांगतो. एन. नरसिंहय्यांचा पत्तेदार, म्हणजे गुप्तहेर, पुरुषोत्तम मला अक्कांच्या तोंडून भेटला. यंडमुरींचं ‘तुलसीदळ’, मूळ तेलुगू, त्यांनी कन्नडात वाचलेलं. त्या तुळशी नावाच्या पोरीवर करणी होते ती गोष्ट त्यांनी मला तुकड्यातुकड्यानं सांगितली. ऐन मोक्याला खाली मालकांच्या स्कूटरचा आवाज आला की अक्का ताट उचलून “उद्या” म्हणून उठतात. माझी पाळी असली की त्या काड्या बाजूला टाकता टाकता नुसतं “मुंदेनु? मुंदेनु?”, म्हणजे पुढं काय, करत राहतात, आणि मी रेंगाळले की पुढं काय होणार ते स्वतःच सांगून टाकतात, बहुतेक वेळा लेखकापेक्षा बरं. नको तिथला प्रेमप्रसंग आला की म्हणतात, “हे सोडून दे गे, खून कुठं आलाय?”

पीडीएफ मागणाऱ्यांसाठी एकच ओळ. नाही, माझ्याकडं पीडीएफ नाही, आणि असती तरी दिली नसती. ही पुस्तकं लिहिणारे दर प्रतीच्या चार पैशांवर जगले.

आणि मी काय सुचवत नाही तेही सांगून टाकते. बाईला बांधून ठेवून पानं भरणारं काही देत नाही. मला त्यात रहस्य दिसत नाही. खलनायक शेवटी दहा पानं आपली योजना समजावून सांगतो, तेही नाही. दर प्रकरणाच्या शेवटी दारावर थाप पडते आणि पुढच्या प्रकरणात दूधवाला निघतो, ते तर अजिबात नाही.

आता परवाचा प्रश्न, ज्याच्यामुळं हे लिहायला बसले. ओळखीच्या एका काकांनी विचारलं. वहिनी आयसीयूत होत्या, हे बाहेर बाकड्यावर. “बाई, वाचायला काय तरी द्या. पण मरणबिरण नको.” रहस्यकथा आणि मरण नको! माझ्या कपाटातला निम्मा माल तिथंच बाद झाला. मग सत्यजित राय यांचा फेलूदा आठवला. राय यांनी हा डिटेक्टिव्ह मुलांच्या ‘संदेश’ मासिकासाठी 1965 पासून लिहिला. मुलांसाठी म्हटल्यावर रक्त बेताचं, आचरटपणा नाही, आणि बऱ्याच गोष्टींत कुठं तरी प्रवास. दार्जिलिंग, जैसलमेर, काशी. मराठीत आलाय. त्यातली वेरूळची गोष्ट त्यांना दिली, मूर्तीचोरांच्या मागे कैलास लेण्यापर्यंत जाणारी. “अगदीच मरण नाही असं नाही,” म्हटलं, “पण लेणी भरपूर आहेत.” वेरूळ त्यांनी लग्नानंतर वहिनींबरोबर बघितलेलं होतं. मला हे माहीत नव्हतं, ते त्यांनीच सांगितलं.

वहिनी आता जनरल वॉर्डात आहेत. काल काकांचा फोन आला. मला वाटलं तब्येतीचं सांगतायत.

“त्या फेलूदाचे अजून भाग आहेत काय?”

“राय यांनी 35 गोष्टी पुऱ्या केल्यात,” म्हटलं, “पण माझ्याकडं तेवढ्या नाहीत. आधी ते पुस्तक परत आणा.”

“हिनं घेतलंय ते,” काका म्हणाले. “देत नाही म्हणते.”