कॉमन कचरा प्रकल्पाची जागा शोधताना: सिंधुदुर्गातला माझा अनुभव

मी सिंधुदुर्गातल्या एका छोट्या शहरात शहर समन्वयक म्हणून काम करते, म्हणजे कंत्राटी पोस्ट, स्वच्छ भारत मिशनचं सगळं कागदपत्र आणि अर्धं फील्डवर्क आमच्या गळ्यात. शेजारच्या शहरांनी मिळून एकच घनकचरा प्रकल्प करायचा, प्रत्येकाने वेगळं मशीन घेऊन पैसे वाया घालवायचे नाहीत, असं वरून ठरलं आणि त्याच्या प्लॅनिंगमध्ये मला घातलं. इथे लिहितेय कारण असं काम दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलं तर नेटवर फक्त जीआर आणि पीपीटी सापडतात, प्रत्यक्षात कुठे अडतं ते कुणी सांगत नाही.

कल्पना कागदावर चांगली आहे. ८ एप्रिल २०१६ च्या घनकचरा नियमांतच होतं की ५ लाखांच्या खालच्या शहरांनी मिळून सामायिक लँडफिल, म्हणजे उरलेला कचरा पुरायचा शास्त्रीय खड्डा, करावं. आमच्याकडे तर २०११ च्या जनगणनेत एकाही शहराची लोकसंख्या २५ हजारांच्या वर नाही. चार शहरं एकत्र केली तरी ७५ हजार होतात की नाही शंका. एवढ्याशा कचऱ्यासाठी प्रत्येकाने स्वतंत्र शास्त्रीय लँडफिल करायचं म्हणजे वेडेपणाच.

पहिली गंमत वजनाची. कन्सल्टंटने जो पहिला ड्राफ्ट दिला त्यात कचऱ्याचा आकडा बघून मी दोनदा लोकसंख्या तपासली. माणशी दराचा आकडा मोठ्या शहराचा उचलला होता, वर पर्यटक म्हणून अजून काहीतरी चढवलेलं. छोट्या शहरात माणशी रोज २०० ते ३०० ग्रॅम कचरा धरतात, मोठ्या शहरात ४०० ते ६००. म्हणजे कुठला दर उचलला यावर प्लांट दुप्पट होतो आणि प्लांट दुप्पट झाला की खर्च, जागा, वीज, सगळंच दुप्पट. त्याच रिपोर्टमध्ये एका पानावर "या भागातील अल्प पर्जन्यमान लक्षात घेता" असंही वाक्य होतं. सिंधुदुर्गात! कुठल्या जिल्ह्याच्या फाईलमधून आलं होतं देव जाणे.

मग ठरवलं की आपणच वजन करायचं. घंटागाड्या जवळच्या वजनकाट्यावर न्यायच्या, भरलेली आणि रिकामी, दोन्ही पावत्या घ्यायच्या. ड्रायव्हर लोकांनी आधी कुरकुर केली कारण फेरीला उशीर होतो, पण एकदा त्यांनाच आकडे दिसायला लागल्यावर त्यांच्यात पैज लागायला लागली की आज कुणाची गाडी जड. सॅम्पलिंग पण केलं, ढीग करायचा, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले मिसळून परत तेच, शेवटी हाताळण्याजोगा ढीग उरतो तो माणसं बसवून वेगळा करायचा. ऐकायला सोपं वाटतं. मे महिन्यात माशांच्या बाजारानंतरच्या गाडीवर करून बघा.

यातून दोन गोष्टी कळल्या ज्या कुठल्याच रिपोर्टमध्ये नव्हत्या. एक, आमच्या कचऱ्यात शहाळी, नारळाच्या झावळ्या, सोडणं (नारळाची सालं), बागेतला पाला हे इतकं असतं की गाडी भरलेली दिसते पण वजन काहीच नाही. दुसरं, गणपतीत चाकरमानी आले की आठवडाभर सगळंच गणित उलटंपालटं, गाड्या कमी पडतात, आणि त्याच दिवसांत पाऊसही असतो म्हणून कचरा ओलाचिंब. म्हणजे डिझाईन सरासरीवर केलं तर ज्या दिवशी खरी गरज त्याच दिवशी प्रकल्प बसणार. खऱ्या वजनाचा आकडा कन्सल्टंटच्या अंदाजाच्या निम्म्याहून थोडासाच जास्त निघाला, आणि तो मान्य करून घ्यायला मला वजन करण्यापेक्षा जास्त वेळ लागला, कारण मोठा आकडा सगळ्यांना आवडतो.

मध्ये आम्ही गोव्यातला साळगावचा प्रकल्प बघून आलो. तो २०१६ ला सुरू झाला तेव्हा रोज १०० टनांचा होता, नंतर २५० टनांपर्यंत वाढवला. बंद शेडमध्ये सगळं, ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि गॅसपासून वीज, कळंगुटच्या पठारावर एवढं स्वच्छ काम बघून आमची टीम खूश. येताना गाडीत सगळे म्हणत होते हेच आपल्याकडे करायचं. पण त्यांच्यामागे कळंगुट-कांदोळीची हॉटेलं आहेत, बारमाही कचरा आहे आणि आमची सगळी शहरं मिळून त्याच्या दहाव्या भागाएवढा कचरा होईल कसाबसा. दुसरीकडे आपल्याच जिल्ह्यात वेंगुर्ल्यात डम्पिंग ग्राऊंडच्या जागेवर वेस्ट पार्क उभा आहे, तिथे घरातच वेगळा केलेला कचरा परत हाताने वेगळा करतात आणि लँडफिलला जवळजवळ काही उरतच नाही. मला विचाराल तर आमच्या आकाराला साळगावपेक्षा वेंगुर्ला जवळचा. मीटिंगमध्ये मात्र मशीनचा फोटो जिंकतो.

आता जागा. हा भाग सगळ्यात मोठा.

२०१६ च्या त्या नियमांत लँडफिलसाठी अंतरं दिली होती, नदीपासून १०० मीटर, तलावापासून २००, हायवे, वस्ती आणि पिण्याच्या विहिरीपासून २००, पूररेषेत नको, सीआरझेडमध्ये (समुद्रकिनाऱ्याजवळचा बांधकामावर निर्बंध असलेला पट्टा) नको, आणि विमानतळापासून २० किलोमीटर लांब. १० ते २० च्या मध्ये विमानवाल्यांची एनओसी मिळाली तरच विचार व्हायचा. मी गुगल अर्थवर चिपी विमानतळाभोवती २० किलोमीटरचं वर्तुळ काढलं, मग गोव्यातल्या मोपा विमानतळाभोवती काढलं आणि बघतच बसले. मालवण, कुडाळ चिपीच्या वर्तुळात, सावंतवाडी, बांदा मोपाच्या वर्तुळात. चिपी २०२१ ला सुरू झालं, मोपा जानेवारी २०२३ ला, म्हणजे आधी कुणी ज्या जागा सुचवून ठेवल्या होत्या त्यातल्या बऱ्याच या दोन वर्तुळांनी खाल्ल्या. पश्चिमेला समुद्र आणि सीआरझेड, पूर्वेला सह्याद्रीचं जंगल, सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात तर वाघांचा कॉरिडॉर. उरलेल्या पट्ट्यात मधोमध मुंबई-गोवा हायवे आणि दोन्ही बाजूंना वाड्या. कोकणात वस्ती एका ठिकाणी गावठाणात नसते ना, प्रत्येक टेकडीआड चार घरं असतातच, त्यामुळे २०० मीटरची अट नकाशावर जेवढी सोपी दिसते तेवढी नाही.

त्यातून जे सापडतं त्याचा सातबारा काढा. आमच्याकडे सरकारी गायरान फारसं नाही. खाजगी जमिनीवर पंचवीस-तीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, काही वारलेली आणि वारस लागलेले नाहीत. नावं जुळली तर इतर हक्कात वनसंज्ञा निघते, म्हणजे जागेवर झाड नसलं तरी फाईल वनखात्याकडे. तलाठी आप्पांनी एकदा मला शांतपणे सांगितलं, मॅडम तुम्ही जमीन शोधू नका, आधी भांडण नसलेलं कुटुंब शोधा.

शेवटी एक सडा, म्हणजे जांभ्या कातळाचं पठार, पसंत पडला. दोन्ही वर्तुळांच्या बाहेर, रस्ता होता, वस्ती लांब, नुसता काळा कातळ, उन्हाळ्यात गवताची काडी नाही. कन्सल्टंटच्या भाषेत पडीक जमीन. सगळे म्हणाले झालं काम. आम्ही गावात बैठक घेतली आणि तिथे एक म्हातारे काका उठले, आवाज न चढवता म्हणाले, "गो बाय, उन्हाळ्यात काय बगतंस, पावसात येवन बग. सडो पाणी पिता." मागून दुसरा ओरडला, "तुमचो कचरो आमच्या डोक्यार कित्याक?" हे दुसरं सगळीकडे ऐकायला मिळतं, त्याला उत्तरं तयार असतात आमच्याकडे. पहिल्याला नव्हतं.

जांभा दगड दिसायला कडक पण आतून सच्छिद्र, भेगा आणि पोकळ्या भरपूर. सड्यावर पडलेला पाऊस आत मुरतो, खालच्या चिकट मातीच्या थरावर अडतो आणि सड्याच्या कडेने झरे होऊन बाहेर पडतो. त्या झऱ्यांवरच खालच्या वाड्यांच्या विहिरी आणि माडाच्या बागा. म्हणजे सड्यावर लँडफिल हे गावाच्या पाण्याच्या टाकीच्या झाकणावर कचरा ठेवण्यासारखं. अर्थात २०१६ च्या नियमांत अस्तर सांगितलं होतं, खाली ९० सेंटीमीटर न झिरपणारी माती, त्यावर दीड मिलीमीटरचं एचडीपीई प्लास्टिक, आणि भूजल त्या मातीच्या तळापासून किमान २ मीटर खाली हवं. पण हे भूजल कधीचं मोजायचं? ईआयएसाठी, म्हणजे पर्यावरणावर काय परिणाम होईल त्या अभ्यासासाठी, माहिती गोळा करतात ती पावसाळा सोडून एका सीझनची. आमचा सगळा प्रश्नच पावसाळ्याचा आणि रिपोर्ट येणार मार्चचा.

मी तेव्हा मीटिंगमध्ये एक साधा हिशेब मांडला. आमच्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलीमीटर पाऊस, म्हणजे ३ मीटर. १ हेक्टर उघडं लँडफिल ठेवलं तर त्यावर चार महिन्यांत ३० हजार घनमीटर पाणी पडणार, म्हणजे ३ कोटी लिटर. दहा हजार लिटरचे ३ हजार टँकर. सगळं काही लीचेट (कचऱ्यातून झिरपणारं घाण पाणी) होणार नाही, पण थोडा भाग जरी कचऱ्यातून काळा होऊन आला तरी तो ठेवणार कुठे? ऑगस्टमध्ये टाकी उपसायला कुठला टँकर त्या रस्त्याने वर जाणार? खोलीत जरा वेळ कुणी बोललं नाही. मग मुख्याधिकारी साहेब म्हणाले की कचरा कमी करा, खड्डा लहान करा. माझ्या मते पूर्ण प्रक्रियेत घेतलेला हा एकच खरा निर्णय, बाकी सगळी कागदं.

तिथून प्रकल्पाचा आकार बदलला. ओला कचरा कुठल्याच शहरातून बाहेर न्यायचा नाही असं ठरलं. निम्म्याहून जास्त कचरा ओला, त्यात बहुतेक पाणी, ते पाणी डिझेल जाळून तीस-चाळीस किलोमीटर फिरवायचं कशाला? ज्याचं त्याने कंपोस्ट करायचं. कॉमन जागेत फक्त सुका कचरा परत वेगळा करायचा शेड, गठ्ठे बांधायची मशीन आणि जे खरंच कशातच जात नाही त्यासाठी लहान लहान कप्प्यांचं लँडफिल, एका वेळी एकच कप्पा उघडा, पावसाळ्यात त्यावर ताडपत्री नाही तर सरळ पत्र्याचं छप्पर. २०१६ च्या नियमाप्रमाणे किलोमागे १५०० किलोकॅलरीच्या वरचा जळाऊ कचरा लँडफिलमध्ये टाकता येतच नव्हता, तो सिमेंट कारखान्यांना द्यायचा. आमच्यासाठी कारखाने म्हणजे घाट चढून कर्नाटकात. त्याचं भाडं कोण देणार हा वेगळा विषय आणि तो अजून वेगळाच ठेवलाय सगळ्यांनी.

सड्याची ती जागा सोडली. पाण्यामुळे सोडायचं जवळजवळ ठरलंच होतं, त्यात एका टोकाला कातळावर कोरलेल्या आकृती असल्याचं गावातल्या पोरांनी दाखवलं. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, कुडोपीची त्यात आहेत. आमच्या सर्व्हेत त्या रेषांवरूनच टेप लावून मोजणी झाली होती. कुणाला दिसल्या नव्हत्या.

दुसरी जागा सड्यावर नाही, उतारावर आहे, लहान आहे, पण आता आपल्याला लहानच पुरते. कॉमन फॅसिलिटी म्हटली की २००६ च्या ईआयए अधिसूचनेत येते, जनसुनावणी होणार, तीस दिवस आधी नोटीस, कलेक्टर किंवा अप्पर जिल्हाधिकारी अध्यक्ष. ती व्हायची आहे. पण सुनावणीच्या दिवशी पहिल्यांदा गावात जायचं असं आम्ही करणार नाही. त्या सड्यावरच्या काकांनाच नव्या जागेवर घेऊन गेलो, त्यांनी काही बोलायच्या आधी खालच्या ओढ्यापर्यंत चालत जाऊन बघितलं, मग म्हणाले ह्या चलात, पण पावसात परत बगूया. म्हणून तिथे बोअर मारून ठेवलेत आणि जुलै-ऑगस्टचं भूजलाचं रीडिंग आल्याशिवाय डीपीआर (प्रकल्पाचा सविस्तर अहवाल) पुढे पाठवायचा नाही असं मी मिनिट्समध्ये लिहून घेतलंय. कन्सल्टंटला ते आवडलेलं नाही, त्यांचा हप्ता डीपीआरवर आहे.

राहता राहिले ठराव. ज्या शहरांत प्रशासक होते तिथे ठराव एका सहीत झाला, जिथे नगरसेवक होते तिथे सभा तीन वेळा तहकूब. मला तहकूब सभांचा राग यायचा, पण खरं सांगायचं तर कामाचे प्रश्न तिथूनच आले. एका नगरसेविका ताईंनी विचारलं, पैसे वजनावर द्यायचे की लोकसंख्येवर? वजनावर द्यायचे तर जो जास्त वेगळा करेल त्याचा फायदा, ते बरोबर आहे. पण लांबच्या शहराला वाहतूक महाग पडते त्याचं काय? शेवटी गाडीभाडं सगळ्यांत वाटून घ्यायचं आणि गेटवरचा दर टनामागे सारखा, असा मसुदा झालाय. यजमान गावाला पाणीयोजना आणि रस्ता आधी, प्रकल्प नंतर, हेही त्यात घातलंय, आणि "आधी" या शब्दावर दोन मुख्याधिकाऱ्यांनी पेन्सिलने गोल केलाय.

सध्या अडलंय ते काट्यावर. गेटवरचा वजनकाटा कुणाच्या ताब्यात, पावती कुणाची खरी, कॅमेऱ्याचं फुटेज कुणाच्या मोबाईलवर. प्रत्येक शहराला वाटतं दुसरं शहर वजन मारणार. माझं म्हणणं असं की फुटेज यजमान ग्रामपंचायतीला द्या, कचरा त्यांच्या गावात येतोय, कुणी वजन कमी दाखवलं तर ते पकडायला त्यांच्याइतकं दुसरं कुणी जागं राहणार नाही. पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर विषय क्रमांक सात.