आत्याचं नाक

बेंगळूरहून पुतण्या आला की रिकाम्या हातानं येत नाही. या खेपेला शार्डनेच्या, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाच्या पांढऱ्या वाइनच्या, दोन बाटल्या आणल्या. एक फ्रान्सच्या शाब्लीची, दुसरी कॅलिफोर्नियाची. टिळकवाडीत पावसाची झड लागलेली. मी बाटल्या फ्रीजमध्ये पार मागे सारल्या आणि सोबतीला कुंदा काढला. बेळगावात पाहुण्यापुढं दुसरं काय ठेवणार?

दोन्ही चुकलं. कुंद्याच्या चमच्यावर घोट घेतला तर कच्ची कैरी चावल्यागत तोंड झालं. गोडावर कोरडी, म्हणजे बिनगोडाची वाइन आंबटच लागते. आणि इतकी गार की वासाचा पत्ता नाही. शार्डनेला दहा ते तेरा अंशांचा गारवा पुरतो, हे पुतण्यानं नंतर सांगितलं.

आत्या घेत नाही. पण नाक तिचं तिखट. ग्लासाचा गारठा जरा उतरल्यावर तिनं कॅलिफोर्नियावाला हुंगला आणि सैपाकघराकडं बघून म्हणाली, "कोण लोणी कढवूलंय रे आत?"

आत कोणी नव्हतं. लोणी ग्लासातच होतं. द्राक्षात मॅलिक आम्ल असतं, हिरव्या सफरचंदातलं. जिवाणू त्याचं लॅक्टिक आम्ल करतात, म्हणजे दह्यातलं. त्या खटाटोपात डायअसेटिल तयार होतं, आणि विरजणाच्या लोण्याला जो वास असतो तोही ह्याच डायअसेटिलचा. खानापुराकडच्या गावात जन्मभर ताक घुसळलेल्या बाईला ते कोणी शिकवायचं? वर ओकच्या पिंपाचा हात: आतून शेकलेलं लाकूड व्हॅनिला देतं, भाजल्याचा खमंगपणा देतं.

मग शाब्ली. ही बहुतेक पोलादी हौदात नाहीतर जुन्या पिंपात मुरते, नव्या लाकडाचा थाट कमी. आत्या थोडी थांबली. "पाट्याला टाकी लावल्यावर येतोय बघ, तसला वास."

मी उडालोच. जाणकार ह्याच वासाला गारगोटीचा म्हणतात. शाब्लीच्या चुनखडीत जुन्या कालवांचे जीवाश्म सापडतात, म्हणून दगडाचा वास मुळांतून थेट ग्लासात उतरतो, असंही काहीजण छातीठोक सांगतात. मला ते पटत नाही. पण दारात उकिडवी बसून पाट्यावर ठकठक करणारी टाकीवाली आणि उडणारी ती पांढरी पूड मला लख्ख आठवली.

या द्राक्षाला स्वतःचा हट्ट फार थोडा. थंड मुलखात हिरवं सफरचंद आणि लिंबू, उन्हात पिकलं की अननस, आंबा. १९९९ साली डीएनए तपासणीतून आई-बाप कळले: एक खानदानी पिनो द्राक्ष, दुसरं ग्वे ब्लां, कुणब्याच्या वाट्याचं, हलकं मानलेलं. १९७६ साली पॅरिसमध्ये बाटल्यांची नावं झाकून चाखणी झाली, तेव्हा फ्रेंच परीक्षकांनी पांढऱ्यांत पहिला नंबर दिला तो कॅलिफोर्नियाच्या शातो माँतेलेना या वाइनरीच्या १९७३ च्या शार्डनेला. आत्याला हे सांगितलं, तर म्हणाली, "लोण्याला नंबर देतील नाहीतर काय!"

कुंदा आत गेला, तुपात परतलेले काजू बाहेर आले. बाटली टेबलावरच राहिली. आत्या निजायला गेली. तासाभरानं कॅलिफोर्नियावाली चांगलीच कोमट झाली, पिंपाचा भाजका वास खोलीभर पसरला, आणि आतून हाक आली,

"उतरव रे ते लोणी आता, करपूलंय!"